मानसाचा टाका घातलेली बकरी

अकोल्याच्या बकरी फार्मावर मी चारापानी पाहाले व्हतो. तिथचे किस्से म्हंजे लेंड्यायसारखे. सकायी झाडून काढा, दुपारी पाहा तं तेवढेच पडेल! लोक म्हनतात, "बापू, हासव ना बे." हासवतो. पन त्यातल्या एका बकरीपाशी आलो का माहं तोंड बंद पडते.

*

थे बकरी साधी नव्हती. आमच्या डॉक्टर मॅडम पुन्याच्या. त्यायनं मले समजावलं, "बापू, हिच्या जीनमध्ये बारीक कात्रीनं कापून तिथं माणसाचा एक जीन बसवलाय. आईच्या दुधातला गुण हिच्या दुधात येईल. लहान बाळांची हगवण थांबेल."

मी म्हनलं, "म्हंजे शिंप्याचं काम! पन थो मानूस कोनता, पुन्याचा का वऱ्हाडचा?"

"कुठलाही, बापू!"

तेवढ्यात बकरीनं त्यायची ओढनी चावाले घेतली. मी म्हनलं, "वऱ्हाडचाच हाय मॅडम. इचारल्याबिगर जेवाले बसली!"

*

नियम कडक. आत जाताना आंघोय, बाहेर येताना आंघोय. माही बायको म्हने, "लग्नाच्या दिवशी तरी एवढं अंग घासलं व्हतं का वो तुमी?"

आखरी नियम मॅडमनं हळू सांगतला. "प्रोजेक्ट संपला की हिला विकायचं नाही, कोणाला द्यायचं नाही. इथंच संपवायचं. म्हणून नाव ठेवू नका, बापू."

मी कुठं नाव ठेवलं? नुसतं 'बाई' म्हनो.

*

दिल्लीहून मोठे सायेब आले. मॅडमनं कानातल्या बिल्ल्याचा नंबर घेऊन बकरीले हाक मारली. बकरी हालेच ना! परत मारली. तिनं तोंड फिरवलं.

मी मांगं उभा. शेवटी मॅडम खाली वाकल्या आन हळूच म्हनल्या, "बाई, ये ना गं."

आली ना धावत!

सायेब म्हने, "नाम किसने रखा?"

मॅडमनं माह्याकडं बोट दाखवलं, मी मॅडमकडं!

*

गजाननराव क्लर्क अमरावतीचा, राजापेठेतून रोज अपडाऊन करे. नवा व्हता. मी त्याच्या कानात सांगतलं, "पाहून बोलत जा बाप्पा. इच्यात मानसाचा जीन हाय, सारं समजते इले."

"खरंच का बापूभाऊ?"

"नाही तं काय! काल तुमी सायबाले शिवी देल्ली, दिवसभर चाऱ्याले तोंड नाही लावलं तिनं."

दुसऱ्या दिवसापासून गजाननराव गोठ्याच्या दारात हात जोडून, "नमस्कार बाई, जेवल्या का?" मॅडम रुमाल लावून हासत. खरं कोनीच त्याले सांगतलं नाही.

*

बाई व्याली. कायी पाठ, म्हंजे मादी पिल्लू झालं, कपायावर पांढरा ठिपका. आमच्याकडं जनावर व्यालं का गल्लीत चीक वाटा लागते. बायको खरवसासाठी गुय किसून बसली, बाया वाट्या घेऊन आल्या. मी गेलो रिकाम्या हातानं.

"चीक कुठं हाय?"

"खड्ड्यात."

टेस्टापुरता ठेवला, बाकीच्यावर चुना टाकला. नियमच तसा.

बायकोच्या भाचीचं लेकरू तवा अकोटच्या दवाखान्यात हगवनीनं आडवं पडेल. बायको म्हने, "ज्यायच्यासाठी बकरी केली, त्यायले वाटीभर नाही?" सलाईनवर झालं थे बरं. पन तिचं बोलनं मी मॅडमले सांगतलं, हासतीन म्हनून. नाही हासल्या.

"अजून कोणाला पाजायची परवानगी नाही, बापू," म्हनल्या, आन खड्ड्याकडं पाहत राहिल्या.

*

मंग एक दिवस गोठ्यातच मॅडमच्या मोबाईलवर ऑर्डर आली. प्रोजेक्ट बंद. मॅडम वाचाले लागल्या, "सर्व जनावरं, पिल्लांसह..."

"मॅडम!" गजाननराव मंधात आला. "इथं नोका वाचू. बाईले समजते."

खरं सांगाले मी तोंड उघडलं. पन मॅडमनं बाईकडं पाहलं, मोबाईल खाली केला आन म्हनल्या, "चला, बाहेर चला."

आमी सारे कुंपनातल्या निंबाखाली गेलो. पाठ गजाननरावच्या पायापायात मांगं मांगं आली. थो खाली बसला. तिले मांडीवर घेतलं आन तिचे दोन्ही कान हातानं झाकले.

"वाचा आता," म्हने.