पावणं, कुठल्या गावचं?

समोर माणूस आला की त्याचं गाव विचारल्याशिवाय आक्काला पुढं जाता येत नसे. ती माझी थोरली बहीण. मंगळवार पेठेत जुन्या ट्रॅक्टरांची खरेदी-विक्री करून मी वर आलो, तो तिच्याच भाकरीवर. तरी तिला बाजारात न्यायचं म्हटलं की माझं डोकं फिरे.

तिच्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढला. दम पुरेना. दवाखान्यात श्वासावाटे घ्यायच्या एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. काहींना औषध मिळे, काहींना तसंच दिसणारं नुसतं पाणी. आक्काला काय देताय, विचारलं तर डॉक्टर म्हणाले, “ते आम्हालाही ठाऊक नसतं.”

“मालकालाच माल ठाऊक न्हाय? खरं ते द्या, किंमत बोला!” मी टेबलावर हात आपटला.

“गप रं आप्पा,” आक्का म्हणाली. “ट्रॅक्टर हाय व्हय मी?”

सकाळी खिडकीपाशी बसून ती यंत्राची नळी तोंडात धरी. श्वास सोडला की पांढरं धुकं कोवळ्या उन्हात तरंगत राही. तिचे डोळे मिटत. “राधानगरीला, आपल्या रानात गेल्यागत वाटतंय,” ती पुटपुटे. मी त्या धुक्याकडं टक लावून बघे. खरं की खोटं, काही कळत नसे.

दर तपासणीला दवाखान्याच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालायचं. अंतर वाढलं, तर सुधारणा. आक्का मध्येच बाकापाशी थांबे. “पावणं, कुठल्या गावचं?” समोरचा शिरोळ म्हणाला की, “पुराचं पाणी उतरलं का वो?”

“आक्का, चाल की!” मी ओरडे.

“आजी, बोलायचं नाही,” घड्याळ धरलेली सिस्टर म्हणे.

“मग माणसं कशाला बसवलीसा हितं?”

शेवटच्या तपासणीला मात्र ती कुठंच थांबली नाही. बाकांवर माणसं होती. त्यांच्याकडं बघत ती हळूहळू चालत राहिली. अंतर वाढलं. सिस्टरनं टाळी वाजवली. मी पेढे आणायला उठलो, तर आक्कानं माझी बाही धरली. श्वास जुळवत म्हणाली, “इच्यारायला दमच न्हवता रं.”

थोड्याच दिवसांत ती गेली.

तिला काय दिलं होतं, ते अजून कुणी सांगितलेलं नाही. सगळी चाचणी संपल्यावर सांगू, म्हणतात. मी भांडायला जातो. परवा गेलो, तर त्याच व्हरांड्यात एक म्हातारा चालत होता, मागं घड्याळ धरून सिस्टर. माझ्यासमोर येऊन तो थांबला, धापा टाकत म्हणाला, “कुठलं म्हणायचं पावणं?”

भांडण मी सोडलेलं नाही. पण आधी त्याला गाव सांगितलं.