काळूकाठी चुकलेली तिथी

खाडीकाठच्या कोलशेतच्या कोळ्यांना कॅलेंडरात आधी तिथी दिसते, तारीख मागाहून. शेवंती नाखवा डोंबिवलीतल्या मुलींच्या शाळेत पीटी शिकवायला लागली तरी तिची ही खोड गेली नव्हती. नव्वद साली सहामाही परीक्षेनंतर मुलींना मुरबाडकडच्या सरकारी रानात, काळू नदीच्या काठी दोन दिवस तंबूंत राहायला न्यायचं ठरलं, तेव्हा तिने वद्य अष्टमी निवडली. अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी मंद, खाडीचं पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. तिच्या घरातली बायामाणसं या दिवशी निर्धास्तपणे चिखलात उतरत.

बावीस मुली आल्या. पाण्यालगत वाळूची सपाट पट्टी होती, तिथे तंबू लागले. रानाचा राखणदार नाथा म्हणाला, वर टेकाडावर चला. शेवंतीने हसून सांगितलं, आज पाणी चढायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर भात रटरटत असताना नदी गढूळ झाली. मग पाला वाहत आला, मग ओंडके. रात्रभर घाटात पाऊस कोसळला होता, खाली मात्र टिपूस नव्हता. नाथा ओरडत धावत आला. मुलींना हाताला धरून वर ओढेपर्यंत दोन तंबू, पातेली आणि अर्धाकच्चा भात वाहून गेला. नाथाने मुली दोनदा मोजल्या, बावीस भरल्या, मग तो खाली बसला.

"बाई, तुमची तिथी नदीला सांगितली कोनी?"

मुली हसल्या. शेवंतीला हसू आलं नाही. जन्म पाण्यात गेला, या गुर्मीत ती नदीलाही खाडी समजून चालली होती.

शाळेत गहजब झाला. पालक मुख्याध्यापिकेच्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले. एक वडील म्हणाले, पोरींना रानात नाचवायची हौस कशाला? पालक गेल्यावर मुख्याध्यापिका सुमतीबाईंनी दार लोटलं. शेवंतीवर त्यांचा जीव होता. अहवालात अचानक आलेला पूर असं लिहू आणि विषय संपवू, असं त्यांनी सुचवलं. तिच्या नोकरीला धक्का नको.

"नको बाई, माझी चूक लिहा," शेवंती म्हणाली.

"वेडी आहेस का तू?"

"पूर अचानक आला म्हटलं की नदीच वाईट ठरते. मग या शाळेतून पुन्हा कुणी मुलींना नेणार नाही. माझी चूक असेल तर ती मला सुधारता येईल."

सुमतीबाईंनी तसं लिहिलं. वर्षभर सहली बंद झाल्या आणि शेवंतीला ताकीद मिळाली.

पुढच्या पावसाळ्यात ती पाच वेळा एस.टी.ने रानात गेली. नाथाबरोबर चिखल तुडवत तिने काठ पाहिला. पाणी कुठवर येतं, घाटात पाऊस लागल्यावर किती वेळाने येतं, हे त्याला विचारून वहीत उतरवलं. पाणी टेकलं त्या प्रत्येक झाडावर गेरूची रेघ ओढली. पहिल्या दोन खेपांना नाथा तिची थट्टा करायचा. तिसऱ्या खेपेला त्याने स्वतःच गेरू कालवून ठेवला होता.

सप्टेंबरात तिने पालकांची सभा मागून घेतली. काठाचा नकाशा फळ्यावर काढला आणि मागच्या वर्षी तंबू कुठे लावले, ती जागा का चुकीची होती, हे आधी सांगितलं. सभेत चुळबूळ झाली. मागच्या वेळी आलेल्या सरोजची आई उठली.

"या खेपेला तिथला मानूस नको म्हनाला तर?"

"तर तिथे राहायचं नाही. तो सांगेल तिथेच तंबू."

फॉर्म भरून आले ते सात. सुमतीबाईंनी ते उलटसुलट करून पाहिले. सात मुलींसाठी बस कशी करायची, असं त्यांनी विचारलं. शेवंती म्हणाली, एस.टी.त सात जागा मिळतील. बाईंनी चष्मा चढवला आणि सही केली.

या खेपेला तंबू नाथाने दाखवलेल्या टेकाडावर लागले. तिथून पाण्याला जायला बरीच उतरण होती. चढताना दम लागे. दुसऱ्याच फेरीला सरोज कुरकुरली, बाई, खालीच राहिलो असतो तर? शेवंतीने खालच्या झाडावरची गेरूची रेघ दाखवली. रिकामा हंडा उचलून ती उतरणीला लागली आणि कुरकुरत का होईना, सातही जणी तिच्या मागून निघाल्या.