दादाच्या विमानाचे बूट

नाशिकला द्वारका चौकाच्या बाजूला माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. बत्तीस वर्षांत एकही गाडी मी अर्धवट गेटाबाहेर सोडली नाही. गिऱ्हाईकाच्या घरी लग्न असो की मयत, शेवटचा हात मारल्याशिवाय किल्ली मिळायची नाही. या हट्टाचं लोकांना कौतुक होतं आणि मला तर फारच. त्याच हट्टापायी मी माझ्या थोरल्या भावाचं उडणं घालवलं. तोंडाने हे कुणाला सांगवत नाही, म्हणून लिहितोय.

दादा देवळाली कॅम्पात एका वर्कशॉपमध्ये नोकरीला होता. निवृत्त झाल्यावर लोक अष्टविनायक करतात, यानं विमान करायला घेतलं. एका माणसाचं, छोट्या इंजिनाचं. उडवायचा परवाना त्याने पन्नाशीतच काढून ठेवला होता. घरामागच्या शेडमध्ये नकाशे पसरून तो आठ वर्षं त्याच्यामागे लागला होता. वहिनी म्हणायची, "यात बसून भाजी आणणार आहेत का?" तो नुसता हसायचा. चिडणं त्याच्या स्वभावातच नव्हतं, चिडायचं खातं सगळं माझ्याकडे होतं.

विमान झालं. तपासणी झाली, उडवायची परवानगी आली. दिंडोरीकडच्या एका बागायतदाराच्या मुरमाच्या धावपट्टीवर दादाने ते जमिनीवरून चारदा पळवूनही पाहिलं. "पुढच्या रविवारी उडवतो," म्हणाला. आणि मी विमानाभोवती एक चक्कर मारली.

चाकं उघडी. पंखांना धरणारे दांडे म्हणजे साधे गोल पाइप. पंख जिथे अंगाला मिळतो तिथे कोपरा तसाच सोडलेला. गोल पाइप वाऱ्यात धरला की त्याच्यामागे हवा घोटाळते आणि विमानाला मागे ओढते. त्यावर माशाच्या आकाराचं कवच चढवलं की हवा गुपचूप सरकून जाते, तेवढ्याच इंजिनात वेग वाढतो. या कवचाला फेअरिंग म्हणतात. चाकांच्या कवचांना आम्ही बूट म्हणायचो.

"दादा, हे असं अर्धवट उडवणार?"

"अरे, बरेच जण आधी असंच उडवतात. फेअरिंग नंतर करता येते. तपासणीवाले साहेबही तेच म्हणाले."

"माझ्या हातून नाही जायचं असं. दोन महिने दे."

त्याने दिले. मी धाकटा, माझं त्याने लहानपणापासून ऐकलं. तेव्हा नसतं ऐकलं तर किती बरं झालं असतं.

दोन महिन्यांचे चौदा झाले. थर्माकोल कोरून साचे केले, वरून फायबरचं कापड आणि रेझिन, मग पुट्टी, मग घासणं. डावा बूट उजव्यापेक्षा सूतभर जाड आला, फोडून परत केला. पंखाच्या मुळाशी भरलेला कोपरा बरोबर झालाय का हे कळायला तेवढा भाग पिकअपवर बांधला, बायकोच्या स्वेटरच्या लोकरीचे तुकडे त्यावर चिकटवले आणि सकाळी रिकाम्या रस्त्यावर गाडी पळवली. हवा नीट जात असली तर लोकर सरळ मागे झोपते. आमची मागच्या टोकाला थरथरत उलटी फिरली. परत फोडलं. तसं तीनदा केलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मी फार खुशीत होतो. मोटारींच्या बंपरमध्ये जन्म गेला, आता कुठे हाताला शोभेलसं काम मिळालं असं वाटत होतं. दादा संध्याकाळी यायचा, चहा घ्यायचा, फेअरिंगवरून बोट फिरवायचा. "बास की रे आता." मी म्हणायचो, "बोटाला लागतंय अजून." त्याच्या बोटाला काही लागत नव्हतं.

मग एक दिवस तो दुपारीच आला. शर्टाच्या बाह्या सारल्या, पाण्यातला पॉलिश पेपर उचलला आणि डावा बूट घासायला बसला. तासभर घासत होता. मला बरं वाटलं, आता यालाही गोडी लागली. पेपर धुऊन ठेवताना म्हणाला, "डॉक्टरी तपासणीत नापास झालो. हृदयाचं काहीतरी निघालंय. आता मला उडवता येणार नाही."

"परत तपासू. मुंबईला दाखवू."

"दाखवलं."

आधीच्या वर्षीची डॉक्टरी तपासणी तो पास झाला होता. परवानगी हातात होती, तब्येत धड होती, विमान उभं होतं. फक्त मी तयार नव्हतो. त्या दिवशी गॅरेज बंद करून मी आतच बसून राहिलो आणि ढसाढसा रडलो.

विमान शेवटी दादाच्या ओळखीतल्या एका मुलीने उडवलं. रीतसर शिकलेली, पक्की पायलट. फेअरिंगसकट परत तपासणी करून घेतली होती. आम्ही दोघं पट्टीच्या कडेला उभे होतो. विमानाने जमीन सोडली तेव्हा दादाने माझा दंड धरला आणि ते अर्ध्या तासाने उतरेपर्यंत सोडला नाही.

ती उतरली ती हसतच. "काका, काय पळतंय! वाराच लागत नाही त्याला." मग मला म्हणाली, "फेअरिंगने किती वेग वाढला असेल हो?" फेअरिंगशिवाय ते कधी उडलंच नव्हतं, मग वाढला किती हे कोण सांगणार?

दादाला वेगाशी काही घेणं नव्हतं. त्याने विचारलं, "वरून काय काय दिसलं?"

तिने भरभरून सांगितलं. द्राक्षबागांच्या ओळी, निळी चौकोनी शेततळी, धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं ते, सप्तशृंगीच्या बाजूचे डोंगर एकामागे एक. दादा मान हलवत ऐकत होता. मध्येच परत विचारत होता, शेततळी वरूनही निळीच दिसतात का, डोंगर आपल्या खाली जातात का. तिचं सांगून संपलं. ती हेल्मेट ठेवायला गेली.

दादा माझ्याकडे वळला. आवाजात राग नव्हता, अजिबात नव्हता.

"फेअरिंग नसती तरी एवढं सगळं दिसलंच असतं, नाही का रे?"