धनेशने सोडलेली कॉलर

आमचा धनेश परब मंडळाच्या रुग्णवाहिकेवर बावीस वर्षं आहे आणि तेवढीच वर्षं तो लालबागकरांच्या माना आवळतोय. गोविंदा थरावरून पडला, मान हलू नये म्हणून घाल कॉलर. कोणी जिन्यावरून घसरलं, घाल कॉलर. एकदा माझा नुसता पाय मुरगळला होता, तरी गळ्यात कॉलर. मी वैतागलो, तर म्हणाला, "गप पड रे. शिकलंय कोण, तू की मी?"

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी, भर दुपारी, फोटो फ्रेमच्या दुकानात मालकीण कमलताईंच्या हातातली काच फुटली. टोकदार तुकडा मानेत घुसून खाली पडला. धनेश दोन मिनिटांत हजर. त्याने जखमेवर गॉज ठेवला आणि सवयीने वर कॉलर आवळली. बाई शुद्धीत होत्या, हातपाय हलवत होत्या. मी गाडीत सोबत बसलो.

भोईवाड्याच्या सिग्नलला त्या म्हणाल्या, "धनेश, थुंकी गिळवत नाय रे." आवाज घोगरा झाला होता. कॉलर वरून स्वच्छ दिसत होती. ती सोडायची म्हणजे बावीस वर्षांत कधी न केलेली गोष्ट करायची. धनेश पांढराफटक पडला. मग त्याने पट्टा सोडला.

खाली गॉज रक्ताने थबथबला होता, मान एका बाजूने सुजत चालली होती. त्याने नवा गॉज घेऊन जखम बोटांनी दाबून धरली, ती थेट परळच्या हॉस्पिटलात डॉक्टर मेघनाने ताईंना ताब्यात घेईपर्यंत. मी जन्मात इतका घाबरलो नव्हतो.

ऑपरेशननंतर डॉक्टर धनेशला म्हणाली, "दादा, काहीतरी घुसून झालेल्या जखमेत हातपाय हलत असतील तर कॉलर नको. रक्त आणि सूज तिच्याखाली लपते. अजून थोडा उशीर झाला असता तर श्वास अडला असता."

कमलताई बऱ्या झाल्या. मंडळाला सत्काराचं निमित्त लागतंच. स्टेजवर धनेशसाठी शाल, श्रीफळ, हार सगळं तयार. धनेशने माईक घेतला. "ती कॉलर मीच घातली होती. घालायची नव्हती. ताई माझ्यामुळे जिवानिशी जात होत्या." एवढं बोलून तो खालीच उतरायला लागला.

पहिल्या रांगेतून कमलताई उठल्या. त्यांना हे माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. स्टेजवर जाऊन त्यांनी हार उचलला, धनेशसमोर क्षणभर तसाच धरला.

"जरा वाक," त्या म्हणाल्या. "माझो हात पोचत नाय."