सुटला की गेला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला सांगता आलं असतं — ती ऐकून घेते, वर उपदेश करत नाही — पण दरवेळी जिभेवर आलं आणि मी पंख्याबद्दल नाहीतर भाजीबद्दल काहीतरी बोललो. आता तुम्हांला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही हे बरं आहे.

नाशिकमध्ये ज्यांना मी माहीत आहे, त्यांना 'जॅझवाले सर' म्हणून माहीत आहे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, आणि सत्तरपासून इथल्या एका साप्ताहिकात दर शनिवारी सदर लिहीत आलो. कधी जॅझ, कधी महागाई, कधी राजकारण. तिन्ही विषयांवर मतं ठाम. ज्या गाण्यात चुकायला जागा नाही ते गाणं नव्हे, कवायत आहे — हे एक. महागाईचे आकडे दिल्लीहून येईपर्यंत माणूस अर्धपोटी राहायला सरावलेला असतो — हे दुसरं. मेन रोडवर लोक थांबवून मला माझीच वाक्यं म्हणून दाखवायचे. मी मान तिरकी करून हसायचो.

माझी वाक्यं — असं आत्ता लिहून गेलो बघा. इतकी वर्षं झाली तरी हात तसाच वळतो.

ती वाक्यं दामू गांगुर्डेची होती. दामू लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. राहायला नाशिकरोडला, रुळांपलीकडच्या बौद्ध वस्तीत. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला अहो-जाहो. हे मला खटकलं का कधी? नाही. आज खटकतं, पण आजचं खटकणं फुकटचं आहे.

ओळख झाली देवळाली कॅम्पात. लष्करातल्या साहेबांची बदली झाली की त्यांचं सामान बाजारात विकायला यायचं, आणि एका भंगारवाल्याकडे खुर्च्या-कपाटांखाली जॅझच्या तबकड्या सापडायच्या. एका रविवारी मी तिथे एक तबकडी उलटी-सुलटी करत होतो. वर कोण वाजवतोय ते वाचत होतो. शेजारी उभ्या माणसाने न वाचताच सांगितलं, ही घ्या, हिच्यात क्लॅरनेट आहे. त्याचा बाप साहेबलोकांच्या क्लबात झाडू मारायचा. लहानपणी हा क्लबच्या मागच्या भिंतीला टेकून ते संगीत ऐकत वाढला, आणि कॅम्पातल्याच गोव्याच्या एका म्हाताऱ्या बँडमास्तरकडे क्लॅरनेट शिकला. त्याला जॅझ हा शब्द माहीत नव्हता. बाकी सगळं माहीत होतं.

मग दर रविवारी सकाळी तो माझ्या खोलीवर यायचा. मी तबकडी लावायचो, तो डोळे मिटून बसायचा. वाजवणारा मूळ चाल सोडून स्वतःच्या मनाने निघाला की दामू बोट वर करायचा.

"आता सुटला बघा, सर. पन घर इसरला नाय."

सुटणं. हा त्याचा शब्द. मी इंग्रजी पुस्तकांतून या प्रकारावर किती वाचलं होतं, आणि मला एक धड मराठी शब्द सापडला नव्हता. पुढच्या शनिवारी माझ्या सदराचं शीर्षक होतं 'सुटणं'. पुण्याहून पत्रं आली. एका जाणत्या माणसाने लिहिलं की मराठीला तुम्ही एक शब्द दिलात. मी ते पत्र जपून ठेवलं. दामूला दाखवलं नाही.

चटक लागली. बहात्तरच्या दुष्काळात तो म्हणाला की दुष्काळ पेपरात नंतर येतो, आधी बँडात येतो. लोक अकरा जणांचा बँड सांगायचे ते आठांवर येतात, मग सहांवर. सगळ्यांत आधी खुळखुळेवाला कमी होतो, कारण तो नसला तरी कुणाला कळत नाही. मग झांजवाला. क्लॅरनेट सगळ्यांत शेवटी, कारण त्याच्याशिवाय वरात म्हणजे नुसता गोंगाट. मी हेही छापलं. वर्गात मुलांना शिकवलं. एका परिसंवादात बोललो, तर अध्यक्ष म्हणाले, सरांची नजर तळागाळापर्यंत जाते. तळागाळ माझ्या खोलीत सतरंजीवर बसून बशीतून चहा पीत होता, आणि मी त्याचं नाव कुठे घेत नव्हतो.

त्याने एकदा विचारलं, सर, काय लिहिता हो पेपरात? मी म्हणालो, असंच, संगीतावर. त्याला वाचता येत होतं. पण तो वाचायला मागेल आणि मला द्यावं लागेल, या भीतीने मी खोलीत अंकच ठेवत नव्हतो. म्हणजे चोरी कळत होती मला. नकळत झालं असं म्हणायची सोय नाही.

इथवर जे सांगितलं ते काही मोठं नाही. उसनवारी सगळेच करतात, असं म्हणून तुम्ही मला सोडूनही द्याल. म्हणूनच मी इतका वेळ इथे रेंगाळलो. खरं पुढे आहे.

आणीबाणी आली. एका रविवारी तबकडी संपल्यावर दामू म्हणाला, "लिवेल तेवढंच वाजवायचं आता. सुटला की गेला." आणि हसला. मला ते वाक्य इतकं आवडलं की तो जिना उतरत असतानाच मी कागद ओढला. लेख वरवर जॅझबद्दलच होता. छापण्याआधी अंक तपासणाऱ्या सरकारी साहेबांनी संगीताचा म्हणून जाऊ दिला. शनिवारी छापून आला आणि गावात कुजबुज झाली, जॅझवाल्या सरांनी काय टोला हाणलाय. दोन दिवस मी ताठ मानेने हिंडलो. हो, दोनच दिवस.

मंगळवारी मला चौकीत बोलावलं. तुम्हांला वाटेल, दमदाटी झाली असेल. नाही. खुर्ची दिली, चहा मागवला. अधिकारी सभ्य होता, त्याची मुलगी आमच्याच कॉलेजात शिकत होती. त्याने ते वाक्य सावकाश वाचलं आणि विचारलं, हे तुमचं का?

पाच वर्षं मी या प्रश्नाला हो म्हणत आलो होतो. न विचारताही म्हणत आलो होतो.

मी म्हणालो, माझं नाही. मी म्हणालो, एक बँडवाला आहे, तो असलं काहीबाही बोलत असतो, मी आपलं गंमत म्हणून घेतलं. मग नाव सांगितलं. वस्ती सांगितली. नळापासून तिसरं घर, हेही सांगितलं — ते त्याने विचारलं नव्हतं. त्याने मला हात लावला नाही, आवाज चढवला नाही. मी बाहेर आलो तेव्हा माझा चहा अर्धाच संपला होता.

भीती कशाची होती मला? नोकरी पक्की व्हायची होती. पण ते कारण मला रस्त्यात सुचलं, घरी जाताना. आत बसलो होतो तेव्हा काहीच कारण नव्हतं. तोंडातून नाव इतकं सहज निघालं की त्याची मला अजून घृणा वाटते.

दामूला त्याच दुपारी नेलं. महिन्याने सोडलं. मी चौकशीला गेलो नाही, त्याच्या घरी गेलो नाही. त्याची बायको एकदा कॉलेजच्या फाटकापाशी आली होती. तिला वाटलं असेल, सर शिकलेले आहेत, ओळख लावतील. मी मागच्या दाराने गेलो.

सुटल्यावर पहिल्याच रविवारी तो आला. नेहमीच्या वेळेला. दारातच उभा राहिला. वरचे समोरचे दोन दात नव्हते. मी विचारलं, तर म्हणाला, पडलो. क्लॅरनेटचं तोंड वरच्या दातांवर टेकवावं लागतं, तेवढं मलाही कळत होतं.

"तुमाला तरास नाय ना झाला, सर?" त्याने विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "लय इचारलं त्यांनी, मास्तरनं शिकवलं का म्हून. तुमचं नाव नाय घेतलं मी."

मी काय केलं? आत ये म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, आज जरा कामात आहे. तो बरं म्हणाला आणि गेला. पुन्हा आला नाही. त्याला कळलं होतं का? ते वाक्य त्याने मला धीर द्यायला म्हटलं की ऐकवायला? हे मी त्याच्या आवाजातून किती वेळा परत ऐकलं आहे, आणि दरवेळी ते वेगळं ऐकू येतं.

आणीबाणी उठल्यावर गावाने माझा सत्कार केला. लेखणीचं धैर्य, असं काहीतरी फलकावर लिहिलं होतं. शाल, श्रीफळ. मी भाषणात ते वाक्य म्हटलं — सुटला की गेला — आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. बाहेर आलो तर संयोजकांनी बँड सांगितलेला. अकरा जणांचा, हात आखडता न घेता. क्लॅरनेट एक पोरसवदा माणूस वाजवत होता, सरळसोट, लिहिल्यासारखं. कडेला, सगळ्यांत शेवटी दामू होता. हातात खुळखुळे. तो ताल चुकत नव्हता. माझ्याकडे त्याने एकदा पाहिलं, मान लववली, आणि पुन्हा बँडमास्तरच्या पाठीकडे बघत हलवत राहिला. माझ्या गळ्यात हार होता. मी तो काढला नाही.

दोन वर्षांपूर्वी तो वारला. मला चार महिन्यांनी कळलं. तबकड्या मी केव्हाच पेटीत भरून ठेवल्या आहेत. लावून बघितल्या एकदा. वाजवणारा सुटला, आणि बोट वर करणारं कुणी नव्हतं. मी उठून सुई उचलली.

मधे सदराचं पुस्तक निघालं. शेवटी नामसूची आहे, मी स्वतः तयार केलेली — वादकांची, अर्थशास्त्रज्ञांची, मंत्र्यांची नावं. त्यात गांगुर्डे नाही. हा कागद सोडला तर ते नाव मी उभ्या आयुष्यात एकदाच लिहिलं. चौकीतल्या त्या सभ्य माणसाला आडनाव नीट ऐकू आलं नव्हतं. त्याने कागद माझ्याकडे सरकवला, आणि मी खिशातलं माझं पेन काढून, वळणदार अक्षरात, दामूचं पूर्ण नाव लिहून दिलं.