वाफेचा पगार

लाँड्रीत तिला सगळे चिमटाताई म्हणत. कपड्यांच्या चिमट्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. तिथे चादरी वाळत घालतच नाहीत, त्या ओल्याच इस्त्रीच्या तापलेल्या रोलरांमधून जातात. नाव पडलं होतं ते जिभेवरून. बोलता बोलता ती असा चिमटा काढायची, की ज्याला काढला तोही सगळ्यांबरोबर हसायचा आणि घरी जाऊन दंड चोळत बसायचा.

शहरातल्या हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे यायच्या. रोलरच्या तोंडाशी दोन बायका उभ्या राहतात, चादरीची टोकं धरून ती ताणतात आणि आत सोडतात. एक टोक चिमटाताईच्या हातात, दुसरं तिच्या धाकट्या जावेच्या. घरी एकाच ओट्याशी, कामावर एकाच चादरीला. जाऊ अबोल. या दोघींत मिळून जीभ एकच आणि ती थोरलीने पळवली, असं बायका म्हणायच्या.

उन्हाळ्यात त्या हॉलमध्ये उभं राहणं म्हणजे शिक्षाच. पंखे होते, पण ते गरम हवाच इकडची तिकडे करायचे. बायका गळ्याभोवती ओला फडका गुंडाळायच्या, तो जेवणाच्या सुट्टीआधीच वाळून कडक व्हायचा. जावेला अधूनमधून घेरी यायची. ती भिंतीला टेकायची, दोन घोट पाणी प्यायची आणि पुन्हा टोक हातात घ्यायची. अशा वेळी चिमटाताई काहीतरी बोलायची, हशा व्हायचा आणि तासभर तरी सरायचा. तिच्या बोलण्यावर कितीतरी उन्हाळे ढकलले होते त्या बायकांनी.

निवडणुकीच्या आधी एकदा मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावलं.

"बसा. कंपनी आपल्या भागातल्या उमेदवारबाईंच्या निवडणूक समितीला देणगी देणार आहे," तो म्हणाला. "चोरीचं काही नाही. कायद्यात बसतं, पावती मिळते. मालकांचं म्हणणं पडलं, चेक कामगाराच्या हातून दिला तर बरं दिसेल."

"मग माझा पगारही त्यातच लिहा. एका चेकमध्ये दोन कामं."

मॅनेजर हसला. "बघा, म्हणूनच तुम्ही. चार लोकांत तोंड उघडायला तुम्ही घाबरत नाही."

तिला बरं वाटलं. आजवर केबिनमध्ये तिला बोलावलं होतं ते फाटलेल्या चादरींचा जाब विचारायला. घरी येऊन तिने ठेवणीतले कपडे बाहेर काढले. जाऊ भांडी विसळत होती.

"त्या उमेदवारबाई उकाड्याचा नियम आणणार म्हणतात ना?" जावेने विचारलं. "फार तापलं की दर तासाला थोडी विश्रांती, बसायला गार खोली. तोच ना?"

"तोच असेल."

"मग आठवण करून दे त्यांना."

"देते की," चिमटाताई म्हणाली आणि आरशात बघून केस नीट करू लागली.

कार्यक्रम एका मोठ्या सभागृहात होता. पुढच्या रांगेत कंपन्यांचे मालक बसले होते: सिमेंटवाले, ट्रकवाले, शीतगृहवाले. प्रत्येकाबरोबर पुठ्ठ्याचा दाराएवढा चेक होता. लाँड्रीच्या मालकांनी चिमटाताईला आपल्या शेजारी बसवलं, स्वतः उठून कॉफी आणून दिली. त्या कपातली कॉफी तिला जाईना, इतका आनंद झाला होता.

तिची पाळी आली. चेकचं एक टोक तिच्या हातात, दुसरं उमेदवारबाईंच्या. त्या तशा साध्या होत्या, वकिली करायच्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायच्या. माइक हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्याकडे इस्त्रीखात्यात उकाडा फार असतो ना? खरं सांगा."

चिमटाताईने मालकांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. जावेचं वाक्य तिला आठवत होतं, नाही असं नाही. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी जिभेवर येऊन उभं राहिलं आणि आजवर जिभेवर आलेलं तिने कधी परत पाठवलं नव्हतं.

"उकाडा कसला, बाई!" ती म्हणाली. "लोक अंगाला वाफ घ्यायला पैसे मोजतात. आम्हाला वाफ घ्यायचा पगार मिळतो!"

सभागृह खो खो हसलं. सिमेंटवाल्याने मांडीवर थाप मारली. उमेदवारबाई हसल्या आणि पुढचा प्रश्न विसरल्या. मालक तर डोळे पुसत होते. गाडीतून परत येताना ते म्हणाले, "तुम्ही आज माझी लाज राखलीत." हे वाक्य तिने घरी येऊन सगळ्यांना दोनदा सांगितलं. जावेने एवढंच विचारलं, "आठवण करून दिलीस?"

"अगं, त्यांनीच विषय काढला होता," ती म्हणाली आणि तिथून उठली.

उमेदवारबाई निवडून आल्या. चेकचा फोटो फ्रेम करून ऑफिसच्या भिंतीवर लागला. चिमटाताई येता-जाता त्याच्याकडे बघायची, पण आपण बघतोय हे कुणाला दिसू नये अशी.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर विधानसभेत उकाड्याच्या नियमाची चर्चा निघाली. कँटीनमधल्या टीव्हीवर ती चालू होती. बायका डबे उघडून, मान वर करून बसल्या होत्या, कारण बोलायला उभ्या राहिल्या त्या आपल्याच आमदारबाई. त्या म्हणाल्या, नियम चांगला आहे, पण घाई नको. उद्योगांचंही ऐकलं पाहिजे आणि कामगारांचंही. "मी स्वतः इस्त्रीखात्यातल्या एका ताईंना विचारलं होतं. त्या काय म्हणाल्या माहीत आहे? लोक वाफ घ्यायला पैसे मोजतात, आम्हाला वाफ घ्यायचा पगार मिळतो!"

टीव्हीतलं सगळं सभागृह हसलं. नियम अभ्यास समितीकडे गेला.

चिमटाताईला आधी आनंद झाला. आपलं वाक्य, तिथे, एवढ्या लोकांत! तिने हसून इकडेतिकडे पाहिलंसुद्धा. पुढे कितीतरी दिवस तिला बाकी कशापेक्षा हेच जास्त बोचलं, की आपण आधी हसलो. कँटीनमध्ये दुसरं कुणीच हसत नव्हतं. समोरची बाई डब्याचं झाकण लावत होती, अर्ध्या जेवणावर. जाऊ आपल्या डब्याकडे बघत होती.

बॉयलरवाला तेवढा जवळ येऊन बसला. गडी तसा मनाने बरा होता.

"मनाला लावून घेऊ नका," तो हळूच म्हणाला. "मलापण नेलं होतं."

"कुठे?"

"दुसऱ्या उमेदवाराकडे. जो पडला त्याच्याकडे. तोच पुठ्ठ्याचा चेक, वरचं नाव फक्त वेगळं. मी गप्प उभा राहिलो, म्हणून माझा फोटो काही लागला नाही."

ती उठून सरळ मॅनेजरकडे गेली. "दोन्हीकडे पैसे दिलेत?"

"दिले," मॅनेजर म्हणाला. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "आपण कुणाला विकत घेत नाही हो. दार कुरकुरू नये म्हणून बिजागरीला तेल घालतो. आता दार डाव्या अंगाला उघडेल की उजव्या, हे आधी कुणाला ठाऊक?"

एरवी तिने यावर चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी ती तशीच रोलरपाशी परत गेली.

मग ऊन तापलं. एका दुपारी चादर ताणता ताणता जावेकडचं टोक सैल पडलं. चिमटाताईला वाटलं, हात निसटला. तिने वर पाहिलं तर जाऊ पुढे कलत होती, डोळे पांढरे, आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात रोलरवर टेकला होता. चिमटाताईने ओरडून तिला मागे ओढलं. कुणीतरी मशीन बंद केलं.

हॉस्पिटलमध्ये जावेचा हात पांढऱ्या पट्टीत गुंडाळून उशीवर ठेवला होता. अंगाखालची चादर त्यांच्याच लाँड्रीची होती, कोपऱ्यात निळा शिक्का. चिमटाताई स्टुलावर बसली.

"तू मालकांसाठी बोललीस, असं बायका म्हणतात," जाऊ शेवटी म्हणाली.

"नाही गं. शपथ. सुचलं म्हणून बोलले."

"तेच तर, ताई. मालकांसाठी बोलली असतीस तर मला रागावता तरी आलं असतं."

चिमटाताईने तोंडाला पदर लावावा तसा हात लावला. तिला रडायचंही नव्हतं, कारण रडणं हा या खोलीत जावेचा हक्क होता आणि जाऊ रडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती आमदारबाईंच्या ऑफिसात गेली. बाहेर बाकावर बरीच माणसं होती. आत बोलावल्यावर आमदारबाई उठून उभ्या राहिल्या. "अरे वा, वाफेवाल्या ताई! तुमचं वाक्य किती गाजलं!"

"ते परत द्या मला," चिमटाताई म्हणाली.

"म्हणजे?"

"तो विनोद होता. आम्ही मरायला टेकलेलो असतो तेव्हा करतो तसला. माझ्या जावेचा हात भाजलाय."

आमदारबाई खाली बसल्या. त्यांनी हाताबद्दल विचारलं, कोणतं हॉस्पिटल, किती खोल भाजलं. विचारणं खोटं नव्हतं. मग चिमटाताईने विचारलं, "चेक नसता मिळाला, तर आणला असतात नियम?"

त्यांनी उठून दार लावलं. "तुमच्या मालकांनी मला नियमाबद्दल एक अक्षर सांगितलेलं नाही. खरंच. त्या रांगेतल्या एकानेही नाही. सांगावं लागतच नाही, ताई. चार वर्षांनी पुन्हा त्याच सभागृहात उभं राहायचं आहे, हे मला आपलं आपण आठवतं." "त्यातून तुमचं वाक्य मिळालं. मला ते फार सोयीचं पडलं. माझ्या मनालासुद्धा."

दोघी एकमेकींकडे बघेनात. टेबलावरचा पेपरवेट त्या दोघीही बघत होत्या.

"समितीची सुनावणी आहे," आमदारबाई म्हणाल्या. "कुणालाही बोलता येतं. या."

ती गेली. लांबट टेबल, त्यामागे समितीचे सभासद, बाजूला कंपन्यांचे वकील. तिचं नाव पुकारल्यावर ती उभी राहिली. आपण कोण हे सांगावं म्हणून म्हणाली, "मी ती वाफेचा पगार घेणारी..."

आणि सगळे हसले. वाईट मनाने नाही. ओळखीचं माणूस भेटल्यावर हसतात तसे. एकाने शेजारच्याला कोपर मारलं, आता ऐक म्हणून. ते पुढच्या विनोदाची वाट बघत होते. आयुष्यभर ज्या हशाची तिला सवय होती तोच हा हशा, आणि तिला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"हसू नका," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. मग तिने सांगायला सुरुवात केली. ओल्या फडक्यांचं, घेरीचं, हाताचं. नीट सांगता आलं नाही. मध्येच क्रम चुकला, एक गोष्ट दोनदा सांगितली, वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा ती अजून जावेच्या हातापाशीच होती. खाली बसल्यावर तिला आठवलं, गार खोलीचं सांगायचं राहूनच गेलं.

नियम झाला, पण बऱ्याच महिन्यांनी. मसुद्यात आधी "विश्रांती द्यावी लागेल" असं होतं. निघाला तेव्हा "विश्रांती देता येईल" असं झालं होतं. ज्यांना द्यायची होती त्यांनी दिली. लाँड्रीच्या मालकांनी दिली नाही. चिमटाताईला कामावरून काढलं नाही, फक्त इस्त्रीवरून हलवून मळक्या चादरींच्या खोलीत टाकलं. हॉस्पिटलच्या चादरी कशा असतात हे ज्याने उलगडल्या त्यालाच ठाऊक. फोटो काढून टाका, असं सांगायला ती एकदा केबिनमध्ये गेली होती. मॅनेजर म्हणाला, "कशाला? चांगला आलाय की." तिने हुज्जत घातली नाही. ऑफिसासमोरून जायचं ती टाळायची; पाणी प्यायला मागच्या अंगणातून वळसा घेऊन जायची.

घरी जाऊ तिच्याशी पूर्वीसारखीच वागायची. हात बरा झाला, पण मूठ पुरती वळत नव्हती. बाटलीचं झाकण असलं की ती न बोलता थोरलीपुढे ठेवायची. चिमटाताई उघडून द्यायची. गप्पागोष्टींत मात्र ती आता मागेच बसायची. पाहुणे म्हणायचे, हिला काय झालं? वय झालं, असं ती सांगायची.

त्यापुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती मळक्या चादरींच्या खोलीत असताना रोलरचा आवाज एकदम बंद पडला. हातातलं टाकून ती धावत हॉलमध्ये आली. कुणालाही काही झालं नव्हतं. मशीन जावेने बंद केलं होतं, त्याच भाजलेल्या हाताने, आणि सगळ्या बायका आपापल्या जागी नुसत्या उभ्या होत्या. काहींनी खाली बैठक मारली होती. तिला यातलं कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ये असं कुणी म्हणालं नाही, जा असंही नाही. ती दाराजवळ, रांगेच्या शेवटाला उभी राहिली.

मॅनेजर आला. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती चिमटाताईवर थांबली. त्याला हायसं वाटलेलं स्पष्ट दिसलं.

"तुम्ही तरी समजवा यांना," तो म्हणाला. "तुमच्या एका शब्दावर हसतील आणि कामाला लागतील."

तिच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. चांगलं होतं, हॉल हसला असता, मॅनेजरचं तोंडही बंद झालं असतं. तिने ओठ मिटून घेतले. बायकांच्या नजरा आपल्यावर आहेत की नाहीत, हे बघायचं तिला धाडस झालं नाही.

"तिला नका विचारू," जाऊ म्हणाली. "आम्हाला विचारा."

मॅनेजर तिच्याकडे वळला. एवढी वर्षं तिचा आवाज त्याने ऐकलाच नव्हता. मग तो घड्याळाकडे बघत म्हणाला, "दहा मिनिटं," आणि निघून गेला.

बायका फरशीवर बसल्या. एकीने तांब्या फिरवला. तो रांगेतून दारापर्यंत आला, तेव्हा चिमटाताईनेही पाणी घेतलं आणि खाली बसली.