मास्तर आणि लाल थर

मास्तर दगड चाटायचे. होते ते भूवैज्ञानिक, पण जो भेटेल त्याला शिकवत सुटत, म्हणून नागपूरच्या आमच्या कचेरीत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. दगड ओला केला की त्याचे कण नीट दिसतात, हे त्यांचं शास्त्र. पहिल्याच दिवशी त्यांनी मलाही काळा पत्थर चाटायला लावला आणि माझं तोंड पाहून पोट धरून हसले.

त्यांचा जीव रमायचा उत्तरेकडच्या राष्ट्रीय उद्यानात. लोक तिथे वाघ शोधत, हे नाल्याच्या काठावर लाव्हाचे थर मोजत. एक लाव्हा निवला, त्यावर माती झाली, पुढच्या लाव्हाने ती भाजून लाल केली. "या लाल थराचा भरोसा नको धरू गा," ते मला बजावत. "सुका असला तं विटेवानी, भिजला तं लोण्यावानी."

आणि चुकले ते नेमके तिथेच. वनरक्षकांच्या चौकीसाठी विहीर खणणं चाललं होतं. ऐन मे महिन्यात लाल थर लागला. मास्तरांनी हातोडा मारला, तो खणकन वाजला. विहीर खणणारा शालिक म्हणत होता, आधी इथवर विहिरीच्या कडा बांधून घेऊ, मग खाली जाऊ. पाऊस तोंडावर होता, मास्तर नको म्हणाले. मी शेजारीच उभा होतो. चार दिवसांनी पाणी लागलं आणि थरापर्यंत चढलं. ते उपसून शालिक खाली उतरला, तेव्हा भिजलेला थर सरकला आणि वरचा पत्थर त्याच्या अंगावर आला. तो तिथेच गेला.

चौकशीत ठरलं, खणणाऱ्याचा निष्काळजीपणा. चूक माझी, असं मास्तरांनी लिहून दिलं. वरच्यांनी साक्षीदार मागितला. तो एकटा मीच. मास्तर माझ्या टेबलापाशी आले आणि त्यांनी चक्क हात जोडले.

"शालिकनं आधी सांगतलं होतं, एवढंच लिही. बाकी माह्यावर सोड."

माझी बढती तोंडावर होती. मी काही ऐकलं नाही, असं म्हणालो. हे लिहितानाही मला लाज वाटते. मास्तर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नोकरी सोडली, जंगल सोडलं. शालिकच्या घरी मात्र जात राहिले.

मागच्या वर्षी मास्तर गेले. तेरवीला शालिकची बायको गावाहून आली होती, पंगतीत वाढत होती. मी कचेरीतला, हे कळल्यावर थांबली.

"मास्तर सांगून गेले मले, चूक त्यायची होती म्हून. पण कागदावर माह्याच माणसाचं नाव हाय. लेक विचारते, बाबा असे बेफिकीर काहून होते? तिथं ऐकणारं दुसरं कोणी होतं का जी, भाऊ?"

"नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी एक वडा वाढला.